वाचलेल्या पाण्याचे कारागीर

रविवारची सकाळ. मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत बेल वाजते. दारात तिघे उभे असतात: एक वयस्क लेखक, एक स्वयंसेविका आणि पाने, वायसर, टेफ्लॉन टेप अशा सामानाची पिशवी घेतलेला प्लंबर. घरात कुठला नळ गळतो आहे का, एवढेच ते विचारतात. गळत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करतात आणि एक पैसाही न घेता पुढच्या दाराशी जातात. आबिद सुरती यांनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' या नावाने हे काम २००७ मध्ये सुरू केले. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला बहादूर आणि 'धर्मयुग'मधले ढब्बूजी ही त्यांचीच निर्मिती. त्यांचे लहानपण मुंबईत डोंगरीला गेले. पाण्यासाठी पहाटे रांगेत उभी राहणारी आई त्यांनी पाहिली होती. सत्तरी ओलांडल्यावर साहित्य पुरस्काराचे एक लाख रुपये हाती आले, ते त्यांनी या कामात घातले.

कामाची रीत ठरलेली होती. आधी सोसायटीच्या सचिवांची परवानगी, मग इमारतीत पोस्टर, त्यानंतर घरोघरी पत्रक आणि रविवारी प्रत्यक्ष फेरी. पहिल्या वर्षात दीड हजारावर घरे पाहून झाली, चारशेहून अधिक गळके नळ बंद झाले आणि त्यातून सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचले, असा संस्थेचा हिशेब होता.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला निघालेल्या पहिल्या 'जलदूत' रेल्वेगाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ती गाडी अख्ख्या देशाने दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली. मीरा रोडला वाचलेले पाणी लातूरच्या तहानलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही, हे खरे. पण एक लेखक आणि एक प्लंबर वर्षभराच्या रविवारांत जवळजवळ एका गाडीइतके पाणी वाचवतात, तर राज्यभरच्या हजारो प्लंबरांच्या हातून किती वाचेल? आणि ते आज का वाचत नाही?

याचे उत्तर सुरतींच्या अनुभवातच सापडते. मित्राच्या घरचा गळका नळ पाहून त्यांनी विचारणा केली, तेव्हा एवढ्या किरकोळ कामाला प्लंबर येतच नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ही तक्रार महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात ऐकायला मिळते. त्यात प्लंबरला दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. वायसर असतो काही रुपयांचा. तो बदलायला लागतात दहा मिनिटे, पण जाण्यायेण्यात तास मोडतो, पेट्रोल जळते आणि शेवटी गिऱ्हाईक वायसरच्या किमतीवर बोट ठेवून मजुरीत घासाघीस करते. याउलट नव्या बाथरूमचे काम मिळाले की मजुरी 'पॉइंट'वर ठरते. नळ, शॉवर, कमोड, गीझर जितके जास्त, तितकी कमाई. वर दुकानदाराची सूट असते, कंपन्यांच्या कुपन योजना असतात. थोडक्यात, नवे बसवण्याचे पैसे मिळतात, गळती थांबवण्याचे जवळजवळ मिळत नाहीत. पाणीबचतीची भाषणे बहुतेक गिऱ्हाइकाला उद्देशून होतात. पण ज्याच्या हातात पाना आहे त्याला बचतीतून काय मिळते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळी मेख तिथे आहे.

गळती म्हणजे नेमके किती पाणी? सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार अशा एका नळातून वर्षाकाठी ३,००० गॅलनहून अधिक, म्हणजे ११ हजार लिटरहून जास्त पाणी जाते. आपल्याकडचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. थेंबाच्या आकारानुसार हा आकडा खूप खाली-वर होतो, म्हणून गळत्या नळाखाली रात्री पातेले ठेवून सकाळी मोजणे हा खात्रीचा मार्ग.

जुन्या आट्यांच्या नळात रबरी वायसर असतो. तो झिजला की लोक चावी आणखी जोर लावून आवळतात. त्याने वायसर चेपतो, मग आतली बैठकच खराब होते आणि काही रुपयांचे काम अख्खा नळ बदलण्यावर जाते. हल्लीच्या पाव फेऱ्याच्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात, पण वाळूचा कण त्यांना चरे पाडतो. पाणीकपातीनंतर पहिले पाणी येते ते गढूळ, कचरा घेऊन. अशा वेळी नळाच्या तोंडाची जाळी काढून पाणी थोडे वाहू द्यावे आणि मग जाळी लावावी, हे जाणते प्लंबर गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात.

डोळ्यांना दिसणारा थेंब तरी कानाला टोचतो. न दिसणारी गळती अधिक खर्चाची. फ्लशच्या टाकीतला तळाचा वायसर बसला नाही की पाणी कमोडच्या भिंतीवरून पातळ पदरासारखे उतरत राहते. ना आवाज, ना ओल. दिवसाला शेकडो लिटर असे जाऊ शकतात. ती ओळखायची युक्ती मात्र साधी आहे. टाकीत खाण्याचा रंग चार थेंब टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला की गळती आहे. गच्चीवरच्या टाकीचेही तेच. बॉल कॉक अडकला, पंप बंद करायला माणूस विसरला की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी सांडत राहते. पगार देऊन सुरक्षारक्षक नेमणाऱ्या सोसायट्यांना पाण्याची पातळी पाहून पंप आपोआप बंद करणारे यंत्र महाग वाटते, याचे आश्चर्य वाटते.

बचतीची सर्वांत मोठी जागा बाथरूममध्ये नाही, संडासात आहे. भारतीय बांधकाम संहितेत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते आणि त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशसाठी असतात. शुद्ध करून, पंपाने चढवून, दूरवरून आणलेल्या पाण्याचा तिसरा हिस्सा असा जातो. ऑस्ट्रेलियातल्या कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये दोन बटणांचा फ्लश तयार केला. तो आता आपल्या गावोगावच्या दुकानांत मिळतो. मोठ्या बटणाला सहा लिटर, छोट्याला तीन.

चार माणसांच्या घराचा हिशेब करून पाहू. जुनी टाकी बारा लिटरची, माणशी दिवसाला पाच वेळा फ्लश, म्हणजे घराला २४० लिटर. तिथे दोन बटणांची टाकी आली आणि माणशी एकदा मोठे, चारदा छोटे बटण दाबले गेले, तर माणशी १८, घराला ७२ लिटर. रोज १६८ लिटर वाचले. वर्षाचे झाले ६१ हजार, म्हणजे सहा टँकर, एकाच घराचे.

इथेच प्लंबरचे ज्ञान पणाला लागते. बारा लिटरसाठी घडवलेल्या जुन्या भांड्यावर सहा लिटरची टाकी लावली तर भांडे साफ होत नाही. लोक दोनदा फ्लश करतात आणि बचत बुडते. टाकी आणि भांडे जोडीने बदलावे लागते. बाहेरच्या आडव्या मैलापाइपाला पुरेसा उतार आहे का, तेही पाहावे लागते, कारण कमी पाण्यात मैला लांबवर वाहून जायचा असतो. ज्या घरात एवढा खर्च परवडत नाही, तिथे जुन्या टाकीचा बॉल कॉक थोडा खाली बसवून प्रत्येक वेळचे दीड-दोन लिटर वाचवता येतात. अशी छोटी दुरुस्ती सुचवणाऱ्या प्लंबरला गिऱ्हाईक जन्मभर सोडत नाही.

नळाच्या तोंडाला बसणारी जाळी, म्हणजे एरेटर, मार्च २०२४ मध्ये एकदम चर्चेत आली. बेंगळुरूत कूपनलिका आटल्या, टँकरचे भाव चढले. त्या शहराला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, ३०० मीटरहून अधिक उंची चढवून आणावे लागते. तिथल्या जलमंडळाने व्यापारी संकुले, हॉटेले, सरकारी इमारती, अपार्टमेंट अशा ठिकाणी एरेटर सक्तीचे केले आणि ३१ मार्चपर्यंतची मुदत दिली. ती पुढे थोडी वाढवावी लागली. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरला. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत या बातम्या ठळक छापून आल्या, मग पाऊस पडला आणि विषय मागे पडला.

एरेटर पाण्यात हवा मिसळतो. हात धुणाऱ्याला धार भरलेलीच वाटते, पण मिनिटाला दहा-बारा लिटर सोडणारा नळ तीन-चार लिटरवर येतो. वॉश बेसिनला याहून स्वस्त आणि झटपट उपाय नाही. पण आपल्या घरांत अजून बादलीने अंघोळ करतात. बादली वीस लिटरची असेल तर एरेटर असो-नसो, वीसच लिटर लागतात, फक्त भरायला वेळ जास्त जातो. तेव्हा बादलीच्या नळाला एरेटर लावणे म्हणजे घरच्यांचा राग ओढवून घेणे. शॉवरचे मात्र उलट. मिनिटाला पंधरा लिटर सोडणाऱ्या जुन्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले की १२० लिटर जातात, सहा बादल्या. तिथे कमी प्रवाहाचा शॉवर हवाच. पण घरात गॅस गीझर असेल तर आधी तपासून घ्यावे लागते, कारण ठरावीक प्रवाहाखाली तो पेटतच नाही. कूपनलिकेच्या जड पाण्याने जाळीत क्षार साठतात. ती दोन-तीन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये भिजवली नाही तर धार तिरकी उडते आणि वैतागलेले घर जाळी काढून फेकते. जाळी बसवण्याइतकेच ती पुढे टिकवण्याचेही काम असते, आणि इथेही प्लंबरच्या पुढच्या फेरीचे पैसे कोणी धरलेले नसतात.

उंच इमारतींत प्रश्न दाबाचा. पाण्याची दर दहा मीटर उंची साधारण एक बार दाब देते. बारा मजल्यांच्या इमारतीत गच्चीच्या टाकीतून वरच्या मजल्याला जेमतेम अर्धा बार मिळतो, तळमजल्याला साडेतीनच्या घरात. तोच नळ, तेवढाच उघडलेला, पण खाली अडीच पटीहून जास्त पाणी सोडतो. वरचे रहिवासी धार नाही म्हणून तक्रार करतात, खालच्यांच्या नळांचे वायसर लवकर जातात. उभ्या लाइनवर योग्य मजल्यावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला की खालच्या मजल्यांची उधळण थांबते आणि फिटिंगचे आयुष्य वाढते. रहिवाशांना आपल्या सवयी तसूभरही बदलाव्या लागत नाहीत, हे या उपायाचे मोठेपण. तरी तो जुन्या इमारतींत क्वचित दिसतो, कारण तो कुणा एकाच्या फ्लॅटमध्ये येत नाही आणि सामायिक खर्चाचा ठराव वार्षिक सभेत मागच्या पानावर जातो.

सौर बंबाचेही असेच. पुणे महापालिका सौर बंब, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण असे प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, त्यामुळे बंब पुष्कळ बसले. पण गच्चीवरून तळमजल्यापर्यंत गरम पाणी येईतो पाइपातले गार पाणी सांडले जाते. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावते. पंचवीस मीटरची उभी लाइन असेल तर जवळजवळ आठ लिटर. परतीची लाइन आणि छोटा पंप बसवला, पाइपाला उष्णतारोधक आवरण घातले, तर हे पाणी फिरते राहते. ज्यांना तेवढे जमत नाही ती घरे तेच गार पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरतात, आणि ते शहाणपणाचे आहे.

हे सगळे ज्यांच्या हातून व्हायचे ते कारागीर येतात कुठून? मोठ्या शहरांतल्या बांधकामांवर चौकशी केली तर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचे नाव पुन्हा पुन्हा निघते. ब्रिटिश अमदानीत कलकत्त्याच्या प्लंबिंग कंपन्यांमध्ये तिथली माणसे कामाला लागली, त्यांनी गावच्या पोरांना हाताखाली घेतले आणि पिढ्यान्पिढ्या हा धंदा त्या जिल्ह्याचा झाला. पट्टामुंडाई इथे प्लंबिंगचे शिक्षण देणारी राज्य संस्थाही आहे. महाराष्ट्रात आयटीआयमध्ये 'नळ कारागीर' हा अभ्यासक्रम असतो. तरीही बहुतेक प्लंबर शिकतात ते उस्तादाच्या हाताखाली, पाइप कापत आणि सूत-सफेदा लावत. ते हात तरबेज असतात, पण प्रवाह मोजणे, दाब मोजणे, पाण्याचा ताळेबंद कागदावर मांडणे हे त्या शाळेत शिकवले जात नाही. एक बादली, एक घड्याळ आणि दाबमापक एवढ्या सामानात ते शिकता येते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भारत टॅप' उपक्रम जाहीर करताना कमी प्रवाहाच्या नळांमुळे किमान ४० टक्के पाणी वाचेल, असे म्हटले होते. नळ कारखान्यातून येईल, पण कुठल्या घरात कुठला बसवायचा हे ठरवणारा माणूस शिकलेला हवा.

आणि मोजमाप हवे. कराडशेजारच्या मलकापूरने २०१०च्या आसपास चोवीस तास पाणी देऊन दाखवले. कोयनेचे पाणी, नव्या वाहिन्या, प्रत्येक जोडणीला दुरून वाचता येणारा मीटर आणि जास्त वापराला चढता दर. पाणी दिवसातून तासभर येते तेव्हा लोक भांडी भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ताजे आले की शिळे ओततात. चोवीस तास पाणी आले की साठवण सुटते. पण घरातला गळका नळही चोवीस तास गळू लागतो आणि मीटर ते दाखवतो. मीटर आला की प्लंबरला बोलावणे परवडू लागते, कारण न बोलावण्याची किंमत बिलावर छापून येते.

शहरी सोसायट्यांत मात्र मीटरच्या वाटेत भिंतीतलेच पाइप आडवे येतात. आपल्या इमारतींत स्वयंपाकघराला एक उभी लाइन, प्रत्येक बाथरूमला वेगळी, गीझरला आणखी वेगळी. एका फ्लॅटमध्ये चार-पाच ठिकाणांहून पाणी शिरते, म्हणजे एका घराला चार-पाच मीटर. खर्च ऐकून सभा तिथेच संपते आणि पाण्याचे बिल, टँकरसकट, सर्वांवर सारखे वाटले जाते. मग दोघा वृद्धांचे घर सहा माणसांच्या घराइतकेच भरते आणि काटकसर करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

तरीही धंद्याचे गणित जुळवता येते. शंभर फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसे, माणशी १३५ लिटर: दिवसाला ५४ हजार लिटर. गळती, फ्लश, एरेटर आणि दाब एवढ्यांतून २० टक्के वाचले तर १०,८०० लिटर, दिवसाला एक टँकर. जी सोसायटी उन्हाळ्यात रोज टँकर मागवते, तिने प्लंबरशी वर्षाचा करार करावा. वर्षातून दोनदा घरोघर तपासणी, वायसर-जाळ्या-फ्लशचे किरकोळ सामान करारातच, टाक्यांच्या मुख्य लाइनवर एक मीटर आणि दरमहा वहीत नोंद. लिफ्टचा असा करार प्रत्येक सोसायटी न कुरकुरता करते. टँकर कमी झाल्यावर वाचलेल्या रकमेतला ठरलेला वाटा प्लंबरला मिळाला, तर गळती शोधून काढण्यात त्याचा स्वार्थ असेल. एका फेरीत शंभर घरे पाहायची असल्याने दहा मिनिटांच्या कामासाठी तासाची रपेटही उरत नाही. सुरतींनी जे पदरमोड करून केले, तेच यात धंदा म्हणून उभे राहते. नव्या प्लंबिंग व्यावसायिकाला नियमित उत्पन्नाची यापेक्षा भरवशाची वाट क्वचितच मिळेल.

गिऱ्हाइकाला खरे सांगण्याची जबाबदारीही प्लंबरवर येते. आरओ यंत्र हे ठळक उदाहरण. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा तीन लिटरपर्यंत बाहेर टाकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, जिथे पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओ नको, अशी भूमिका घेतली. मुंबईचे तलावाचे पाणी या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. तिथे आरओ बसवायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी क्षार मोजून दाखवावेत. कूपनलिकेच्या खाऱ्या पाण्यावर ते लावावेच लागले, तर टाकाऊ पाण्याची नळी मोरीत न सोडता बादलीत किंवा फ्लशच्या टाकीकडे वळवून द्यावी.

नव्या बांधकामात तर हे सगळे कमी खर्चात होते, फक्त गिलावा होण्याआधी बोलावे लागते. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा एकच प्रवेश आणि तिथे मीटरची जागा. फ्लशसाठी वेगळी लाइन, म्हणजे आज ना उद्या प्रक्रिया केलेले सांडपाणी तिथे वापरता येईल. बेसिन-शॉवरचे पाणी मैल्याच्या पाइपात न मिसळता स्वतंत्र उतरेल अशी सोय. गच्चीवरचा पाऊस टाकीकडे वळवणारे पाइप: पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० चौरस मीटर गच्चीवर ७० हजार लिटर पडतात आणि थोडे वाया गेले तरी पाच टँकरांहून अधिक हाती लागतात. ग्राहक घर घेताना टाइल्सचा रंग विचारतो, तसा त्याने पाण्याच्या लाइनींचा नकाशाही मागावा. आणि प्लंबरने भिंती बंद होण्याआधी उघड्या पाइपांचे टेप लावून फोटो काढावेत, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या लाइनीचा ते लिहावे आणि ते दप्तर सोसायटीकडे द्यावे. पुढे भिंतीला ओल आली की त्या नकाशावरून नेमकी एक फरशी काढावी लागते, अख्खी बाथरूम नाही.